इस्त्रीच्या टेबलावरचा ऑफिसर

आधीच सांगून टाकते, पहिले तीन दिवस मला हा म्हातारा भामटा वाटला होता.

बर्मिंगहॅममध्ये मी खोली शोधत होते. हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली होती, हॉस्पिटलने दिलेल्या खोलीची मुदत संपत आली होती, आणि ज्या घरमालकाला फोन करावा तो दुसऱ्याच वाक्यात व्हिसा, पगार आणि 'फोडणीचा वास फार येतो का' इथवर पोचायचा. या गृहस्थांनी दार उघडलं, माझ्या हातातली बॅग घेतली, वरची खोली दाखवली आणि खाली येऊन चहा टाकला. नाव विचारलं नाही. कुठली, काय करते, किती दिवस राहणार, काही म्हणजे काही नाही. मीच म्हटलं, फॉर्म वगैरे भरायचा असेल ना? तर म्हणाले, जेव आधी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी नागपूरला आईला फोन करून सांगितलं, बाप्पा, इथं काहीतरी भानगड आहे. आई म्हणाली, दाराला आतून खुर्ची लावून झोप.

चौथ्या दिवशी सकाळी किचनच्या टेबलावर चार पानी करार, पासपोर्ट-व्हिसा-पे स्लिप यांची यादी आणि झाकण काढलेलं पेन. हसून म्हणाले, आता सांग, तू कोण? त्यांच्या लोकांत दाराशी आलेल्या माणसाला तीन दिवस काही विचारत नाहीत म्हणे. मी म्हटलं, अहो, इथे घरात माणूस ठेवण्याआधी कागद बघायचा कायदा आहे. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. तीन दिवस तू पाहुणी होतीस, भाडेकरू आजपासून. कायद्याला काय प्रॉब्लेम आहे?

त्यांचे लोक म्हणजे कॉकेशसच्या डोंगरातले सर्केशियन. ते स्वतःला अदिगे म्हणतात, आणि काकांसमोर 'सर्केशियन' म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. काका हे मी पाडलेलं नाव. आमचं बोलणं सगळं इंग्रजीतून चाले, त्यांचं इंग्रजी अम्मानचं आणि माझं नागपूरचं, पण मला ते मराठीतच आठवतात, म्हणून मराठीतच सांगते. झारच्या फौजांनी त्यांच्या लोकांची कत्तल केली, उरलेल्यांना काळ्या समुद्राच्या काठावर हाकललं आणि गलबतांत कोंबून तुर्कांच्या मुलखात पाठवून दिलं. त्यातली काही घरं फिरत फिरत जॉर्डनला पोचली. काका तिथले. तरुणपणी मॉस्कोला इंजिनिअरिंग शिकले, मग इथे येऊन बसच्या गॅरेजमध्ये आयुष्य काढलं. बायको गेलेली, मुलगी कॅनडात. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

आणि या गुडघ्यांचा माणूस मी किचनमध्ये पाऊल टाकलं की उठून उभा राहायचा! प्रत्येक वेळी. पाण्याचा ग्लास घ्यायला आले तरी, विसरलेला चार्जर न्यायला आले तरी. मी नर्स आहे, मला ते उठणं बघवत नसे. एका हाताने टेबल धरायचे, दुसऱ्याने मांडी, आणि तोंडातून आवाज येऊ द्यायचे नाहीत. मी रागावले, हात जोडले, दबक्या पावलांनी येऊन पाहिलं. जिन्याची तिसरी पायरी करकरायची आणि मी दारात पोचेपर्यंत हे उभे. एकदा मी चिडून म्हटलं, अहो, मी तुमच्या नातीच्या वयाची! म्हणाले, मग नातीसाठी उठायला नको का?

मला तेव्हा काय आठवायचं ते त्यांना माहीत नव्हतं. माझे आजोबा गावात स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बाजेवर बसलेले असायचे, आणि वरच्या आळीतलं कुणी, दहा वर्षांचं पोर का असेना, रस्त्यावरून जायला लागलं की त्यांना उठावं लागायचं. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या ज्या माणसाचा फोटो आहे, त्यांच्यामुळे बाबांना उठावं लागलं नाही आणि मी तर विमानात बसून इथवर आले. आणि इथे एक गोरा म्हातारा माझ्यासाठी उठतोय. मला ते आवडायचं का? खरं सांगू, आवडायचं. आणि आवडतं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

आता इस्त्रीचं टेबल. पुढच्या खोलीत, खिडकीसमोर, ते कायम उघडं असे, अगदी वरच्या खाचेत अडकवून उंच केलेलं. त्यावर इस्त्री कधीच होत नसे. त्यावर एक जाडजूड रशियन पुस्तक, दोन डिक्शनऱ्या, सुट्या कागदांची चळत. रोज सकाळी दहा वाजता काका दाढी करून, टाय बांधून तिथे उभे राहायचे आणि एक परिच्छेद इंग्रजीत उतरवायचे. एकच. बसून का नाही, तर म्हणे, मोठ्या माणसासमोर बसत नाहीत.

हा मोठा माणूस म्हणजे त्या पुस्तकाचा लेखक. त्यांच्याच लोकांतला, झारच्या सैन्यातला ऑफिसर. काका त्याला 'ऑफिसर' म्हणत, म्हणून मीही म्हणते. नाव सांगत नसत. म्हणायचे, नाव पाठ झालं की लोक पुस्तक वाचायचं सोडतात. गोष्ट अशी, की झारला ते डोंगर हवे होते, आणि गिळण्याआधी ते नीट कळायला हवे होते. म्हणून त्याने या पोराला फर्मावलं, तुझ्या लोकांबद्दल सगळं लिही. पोराने लिहिलं. लग्नं कशी होतात, सुतकात कोण काय घालतं, घोडा कसा निवडतात, गाणी कोण रचतं, कुळं किती. त्याच्या आधी त्यांच्यातल्या कुणी आपल्या लोकांबद्दल असं सविस्तर लिहिलंच नव्हतं. आणि इतक्या मायेने लिहिलं की झारच्या माणसांना ते पचेना. छापायला बंदी. हस्तलिखित कपाटात गेलं, लेखक तरुणपणीच वारला, आणि पुस्तक छापून यायला शतकाहून जास्त काळ गेला.

काकांचं या ऑफिसरशी नवरा-बायकोसारखं चाले. मी वरून ऐकायचे. मध्येच हात आपटून, "खोटं! आमच्या आजीने असं कधी केलं नाही!" मग दहा मिनिटांनी मवाळ आवाजात, बरं, बरं, तुमच्या खोऱ्यात करत असतील. झारचा गणवेश घातला म्हणून त्याला शिव्या देत, आणि दुसऱ्या कुणी दिल्या की भांडायला उठत. मी एकदा म्हटलं, काका, हा तर खबऱ्याच झाला की. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, मालकासाठी लिहायला बसला आणि लिहिता लिहिता मालकाला विसरला, असा माणूस मला दुसरा दाखव. 

त्या कागदांवर पानांचे आकडे घालायची पद्धत नव्हती. जो वाचेल त्याला क्रम कळेल, असं त्यांचं मत. या मताने माझा घात केला. एका सकाळी माझ्या खोलीतल्या प्लगवर इस्त्री तापेना म्हणून ती घेऊन खाली आले, काका डॉक्टरकडे गेले होते, शिफ्टला उशीर होत होता. मी कागदांची चळत उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि त्या टेबलावर माझा युनिफॉर्मचा ट्युनिक इस्त्री केला. खिडकी उघडी. पुढचं सांगायला नको. अख्खी खोली कागदांनी भरली. शिफ्ट संपवून आले तर काका त्या पसाऱ्याच्या मधोमध उभे. ओरडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. मी म्हटलं, मी लावून देते. मग रविवारभर जमिनीवर बसून मी ते वाचत वाचत लावलं, म्हणून तर सगळं पुस्तक माझ्या डोळ्यांखालून गेलं.

आणि मध्यावर ते प्रकरण आलं. वरती सरदार, मग त्यांचे मानकरी, मग मोकळे शेतकरी, मग बांधलेले शेतकरी, आणि सगळ्यात खाली एक जात, जात नाही तर काय म्हणू, जिला काहीच नव्हतं. घोडा नाही. शस्त्र नाही. कायद्याने नवरा नाही, बायको नाही. पोर झालं तर ते मालकाचं, आईला एका गावी आणि पोराला दुसऱ्या गावी विकलं तरी कुणी विचारणारं नाही. ऑफिसर स्वतः सरदार घराण्यातला, पण त्याने हे लपवलं नव्हतं. कोरडं लिहिलं होतं, एकेक मुद्दा मांडून.

माझं डोकं फिरलं. मी ती पानं घेऊन किचनमध्ये गेले. काका उठायला लागले तर मी म्हटलं, उठू नका, आज उठू नका! आणि विचारलं, तुमच्या या रीतीभातीत, पाहुण्यांत, उभं राहण्यात, ही माणसं कुठे होती?

काकांनी माझ्या हातातली पानं घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "दाराजवळ. कायम उभी."

मग मी त्यांना आजोबांच्या बाजेची गोष्ट सांगितली. इथे आल्यापासून मी ती कुणाला सांगितली नव्हती. हॉस्पिटलमधल्या मराठी ग्रुपमध्ये तर नाहीच. तिथे आडनाव ऐकून चेहरे कसे बदलतात ते मला पाठ आहे. काकांनी ऐकून घेतलं. सांत्वन नाही, अरेरे नाही. दुसऱ्या दिवशी मात्र इस्त्रीच्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी एकाऐवजी तीन परिच्छेद केले, आणि संध्याकाळी मला विचारलं, तुला टायपिंग येतं ना?

तेव्हापासून मी त्यांची टायपिस्ट. वर्षभरात पुस्तक पूर्ण झालं. काकांचे डोळे तोवर इतके गेले होते की शेवटची पानं त्यांनी भिंगाने केली. आयुष्यात दुसरं काही करायला वेळ उरलेला नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. आता ते छापायचं कोण?

साउथहॅम्प्टनला त्यांच्या लोकांतले एक डेंटिस्ट होते. मोठं नाव, लग्नं जमवणारे, मयताला पहिले पोचणारे, आणि खरोखर भला माणूस. त्यांनी सांगितलं, खर्च माझा. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, लंडनला समारंभ. काका आठवडाभर गुणगुणत होते. मग ईमेल आली. सगळं उत्तम आहे, फक्त ते मधलं प्रकरण काढावं.

काकांनी उत्तर दिलं, नाही. पुन्हा ईमेल. पुन्हा नाही. मीच टाईप करायचे, त्यामुळे मोजून सांगू शकते, सहा वेळा नाही. मला वाटलं, मिटलं. मला त्यांची रीत अजून पुरती कळली नव्हती.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात डेंटिस्ट, हातात मिठाईचा डबा. काकांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, त्यांना काही होतंय. मी कानाशी जाऊन विचारलं तर पुटपुटले, आत आला. आता संपलं. त्यांच्यात घरात आलेल्या पाहुण्याने काही मागितलं तर यजमानाने नाही म्हणायचं नसतं. घोडा मागितला तर घोडा द्यायचा. डेंटिस्टना हे माहीत होतं. म्हणून तर साउथहॅम्प्टनहून गाडी काढून आले होते!

काकांनी पाहुणचारात कसर ठेवली नाही. अक्रोडाच्या रश्शातली कोंबडी आणि आपल्या भगरीचा घट्ट गोळा करावा तसा त्यांचा भात. पाहुण्याला पुढच्या खोलीत खिडकीजवळची मानाची जागा. मी वाढत होते. दोन घास झाल्यावर डेंटिस्टनी चमचा खाली ठेवला आणि मागितलं. अगदी नम्रपणे. म्हणाले, आपलं कोण उरलंय? आपल्याला कापलं हे जगाला पटवता पटवता आपण म्हातारे झालो. उद्या शत्रू हेच पान फडकवेल, बघा, हे तर स्वतःच माणसं विकायचे. आपल्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? तुमच्या घरात बसून मागतो, तेवढं एक प्रकरण मला द्या.

बोलणं वेडगळ नव्हतं. मी असलं बोलणं आमच्याकडेही ऐकलंय, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटलं आणि भीतीही वाटली. काका मान खाली घालून बसले होते. मग ते टेबल धरून उठले. पाहुण्याची माफी मागितली, हॉलमधून कोट घेतला, टोपी घातली, आणि पुढचं दार उघडून बाहेर निघून गेले.

 मग खिडकीतून दिसलं. काका छोटं फाटक ओलांडून रस्त्याकडेला पोचले होते, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या दोन बिन्सच्या मध्ये उभे होते, आणि मला खूण करत होते की खिडकी वर कर. मी केली.

"हा फुटपाथ कौन्सिलचा आहे," ते म्हणाले. "इथे मी कुणाचा यजमान नाही. इथून सांगतो. नाही."

डेंटिस्ट अर्धवट उठले. लाजले होते बिचारे. समोरच्या घरातली बाई पडदा सारून बघायला लागली होती. ते मला हळूच म्हणाले, सिस्टर, तुम्ही समजदार आहात, त्यांना आत आणा, सगळी गल्ली ऐकतेय. मी काय करावं? मी खिडकी होती त्याहून वर सरकवली. ऐकू दे की गल्लीला!

डेंटिस्टनी खिडकीशी जाऊन सांगितलं, भाऊ, तुमच्या-माझ्या वाडवडिलांच्या इज्जतीचा प्रश्न आहे.

तेव्हा काका बोलले. "तुमच्या वाडवडिलांच्या. माझी पणजी त्या प्रकरणात आहे. तुमचे पणजोबा ज्या गलबतातून हद्दपार झाले तसल्याच गलबतात तीही होती, मालकाच्या सामानाबरोबर. तिच्याबद्दल जगात कुणी एक ओळ लिहिलेली नाही. तिच्यासारख्यांबद्दल लिहिलंय ते एवढ्याच पानांत. झारच्या कपाटात ती शंभर वर्षं पडून राहिली. आता तुम्ही काढून टाकता म्हणता. मग तिने जायचं कुठे?"

मला हे ठाऊक नव्हतं. डेंटिस्टना तर नाहीच नाही. पन्नास वर्षं काका त्यांच्यात चांगल्या कुळातले म्हणून वावरले होते. मुलगी चांगल्या कुळात दिली होती. ते सगळं त्यांनी त्या बिन्सच्या मध्ये उभं राहून, गुडघे धरून, टाकून दिलं. डेंटिस्ट परत खुर्चीत बसले.

मग काका आत आले, कोट खुंटीला लावला, आणि यजमान झाले. पाहुण्याच्या ताटात आणखी रस्सा वाढला. आग्रह केला. डेंटिस्टनी मुकाट्याने जेवण संपवलं. निघताना काकांनी त्यांचा कोट धरला, गाडीपर्यंत पोचवून आले. सोनेरी अक्षरांचं पुस्तक तिथेच संपलं.

त्यानंतर फोन वाजायचा बंद झाला. ईदला लंडनहून येणारे फोन आले नाहीत. एका लग्नाचं बोलावणं आलं होतं, ते तारीख पुढे गेली असं सांगून गळालं. कॅनडाहून मुलीचा फोन आला, ती रडत होती, सासू दोन दिवस बोलली नव्हती. काकांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. ठेवल्यावर म्हणाले, पोरगी आईवर गेलीय, रडून झालं की घट्ट होते. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुस्तक आम्हीच छापलं, हॉस्पिटलजवळच्या कॉपी शॉपमध्ये, निळ्या स्पायरलमध्ये. लायब्रऱ्यांना पोस्टाने पाठवलं, काहींनी परत केलं, काहींनी ठेवलं. काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मी एडिनबराला नोकरी बदलली, इथल्या विहारात रविवारी जाते, आणि तिथल्या तिघांची माझी प्रत वाचून झालीय. एकीने ते प्रकरण दोनदा वाचलं. मला कळलं का ते.

पण मला आठवते ती छापायला देण्याआधीच्या रविवारची सकाळ. मी लॅपटॉप घेऊन बसले होते, काका खुर्चीत, माझ्या शेजारी. भांडणं कितीही केली असली तरी सबंध पुस्तकात त्यांनी स्वतःचं एक अक्षर घातलं नव्हतं. अनुवादक म्हणून नावसुद्धा नको म्हणत होते. ते प्रकरण स्क्रीनवर आलं तेव्हा म्हणाले, थांब. इथे खाली एक टीप घाल.

त्यांनी वाक्य सांगितलं. माझी बोटं थांबली. मी म्हटलं, काका, त्या शनिवारी बोललात ते तोंडी होतं, उद्या लोक विसरतीलही. हे छापलेलं राहील. तुमच्या मुलीचं काय? त्यांनी सांगितलं की सकाळीच तिला फोन करून वाचून दाखवलंय. ती काय म्हणाली, मी विचारलं. म्हणाले, ती म्हणाली, अक्षर मोठं ठेवा.

मी रडत होते, लपवत नाही. डोळे पुसले आणि जसं सांगितलं तसं, इतर मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात, त्या पानाच्या तळाशी टाईप केलं: 'अनुवादक या लोकांपैकी आहे.'